परवाना खिशात, बंदूक खाटेवर

गेल्या डिसेंबरात आग्र्याहून ग्वाल्हेरला परतताना आम्ही उभयतां धौलपूर ओलांडल्यावर, चंबळचा पूल येण्यापूर्वी, एका ढाब्यावर चहासाठी थांबलो. शेजारच्या खाटेवर एक कुटुंब जेवत होते. खाटेच्या कडेला बारा बोअरची दुनळी टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर आच्छादन नव्हते आणि पाच-सहा वर्षांचा एक मुलगा तिच्या चामडी पट्ट्याशी खेळत होता. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी उठून त्या गृहस्थांना शक्य तितक्या अदबीने विनंती केली की मुलापासून बंदूक दूर ठेवावी. त्यांना राग आला नाही. खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "लायसेंसी है साहब, ग्वालियर का." बंदूक मात्र त्यांनी आपल्या बाजूला घेतली.

त्या एका वाक्याने मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो. आपल्या चंबळ-ग्वाल्हेर भागात "लायसेंसी है" म्हटले की संवाद संपतो. परवाना म्हणजे जणू बंदूक कोठेही, कशीही नेण्याची मुभा. कायदा तसे म्हणत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळणाऱ्या परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. ग्वाल्हेर ते आग्रा हा रस्ता जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा, पण तो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांतून जातो. ज्याचा परवाना केवळ मध्य प्रदेशापुरता आहे, त्याची बंदूक मुरैन्याच्या ढाब्यावर वैध असते आणि चंबळचा पूल ओलांडताच तिची वैधता संपते. त्या गृहस्थांच्या परवान्यात अखिल भारतीय क्षेत्र असेलही. मी तो पाहिला नाही.

क्षेत्र काहीही असो, दुसरी गोष्ट निर्विवाद आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नेलेले अग्निशस्त्र तिच्यासाठी बनविलेल्या आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या परिणामकारक नियंत्रणात असले पाहिजे. पिस्तूल असेल तर तेही खोळीत किंवा पिशवीत. ते मिरवायचे नाही, परजायचे नाही. ढाबा हे सार्वजनिक ठिकाण नाही असे कोण म्हणेल? तेव्हा त्या खाटेला टेकलेली उघडी दुनळी, परवाना शंभर टक्के खरा असूनही, नियमबाह्यच होती. हे ढाबेवाल्याला ठाऊक नव्हते, त्या गृहस्थांना नव्हते, आणि खरे सांगायचे तर घरी येऊन नियम वाचेपर्यंत मलाही नव्हते.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वकील नाही. या विषयात मी का शिरतो आहे, तेही सांगितले पाहिजे. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी लग्नसराईत एका रात्री सात वर्षांच्या मुलाला आमच्याकडे आणले. वरातीची बस महामार्गावर जेवणासाठी थांबली होती. मामाने बंदूक खाटेवर ठेवली, कोणीतरी खाट ओढली, बंदूक खाली पडली आणि बार उडाला. छर्रे पोटात शिरले होते. सात वर्षांच्या, वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्त सुमारे सोळाशे मिलिलिटर असते. त्यातले चारशे, म्हणजे पाण्याचे दोन पेले, सांडले की ते मूल संकटात असते. आणि मुलांचा रक्तदाब आपल्याला फसवतो. नाडी पळत असते, हातपाय गार पडत असतात, पण दाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. रस्त्यातच दोन तास गेले होते. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी तो मुलगा गेला. मामाच्या खिशात परवाना होता, त्याचे नूतनीकरणही झालेले होते. ती कागदाची घडी तो आम्हाला उलगडून दाखवीत राहिला.

बंदुकीची आवड हे निव्वळ मिरवणे आहे असे मी म्हणणार नाही. 1972 साली जौरा येथे जयप्रकाशजींच्या साक्षीने बागींनी शस्त्रे खाली ठेवली, त्याआधीच्या रात्री आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवल्या आहेत. रोकड घेऊन रात्री प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याची भीती मी खोटी ठरवीत नाही. पण प्रत्येक निवडणुकीच्या वेळी परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या काळात बाजार बंद पडत नाहीत, वराती थांबत नाहीत आणि हेच व्यापारी याच रस्त्याने ये-जा करतात. बंदुकीवाचून प्रवास होतो, हे दर निवडणुकीला सिद्ध होते.

प्रशासनानेही परवान्याची प्रतिष्ठा वाढविलीच आहे. 2008 मध्ये आपल्या शेजारच्या शिवपुरीत पुरुष नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली. 2019 मध्ये खुद्द ग्वाल्हेरात परवान्यासाठी दहा झाडे लावून त्यांच्यासोबतची छायाचित्रे देण्याची अट घातली गेली. हेतू दोन्ही वेळी चांगला होता. पण ज्या वस्तूसाठी माणूस शस्त्रक्रियेलाही तयार होतो, ती घरी आल्यावर तो कापडात गुंडाळून ठेवील, ही अपेक्षा जरा भाबडीच. त्याच 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्नसमारंभातील बेपर्वा हर्ष फायरसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मांडवातला बार त्यामुळे कायद्याच्या नजरेत आला. मांडवाकडे जाताना वाटेत खाटेवर पडलेल्या बंदुकीकडे मात्र कोणाचे लक्ष नाही.

माझे म्हणणे असे की महामार्गावरील ढाबे, विश्रांतिस्थाने आणि पेट्रोल पंप येथे भरलेली बंदूक आणण्यास स्पष्ट मनाई असावी. नियमांत शस्त्रमुक्त क्षेत्राची कल्पना आहे, तिचा उपयोग येथे करावा. गाडीतून उतरण्यापूर्वी काडतुसे काढून वेगळी ठेवावीत आणि बंदूक आवरणात घालावी, एवढे करायला कितीसा वेळ लागतो? तीन-चार वर्षांच्या मुलांपैकीही काहींच्या बोटांत घोडा ओढण्याइतके बळ असते. ढाब्याच्या मालकाने तसा फलक लावला, तर गिऱ्हाइकाला टोकण्याचे अवघड काम त्याच्या एकट्याच्या जिभेवर राहणार नाही.

पण आपण डॉक्टर मंडळींनी सरकारकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. आजच्या नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते: अर्जदार शरीराने व मनाने सक्षम आहे, मादक पदार्थांच्या आहारी गेलेला नाही. ते प्रमाणपत्र कोण देतो? आपणच. मीही दिली आहेत. ओळखीच्या घरातला मुलगा, वडिलांचा फोन, दवाखान्याची गर्दी. नाडी पाहिली, सही केली, शिक्का मारला. तो मद्य घेतो का, घरात लहान मुले आहेत का, बंदूक कोठे ठेवणार, यांतला एकही प्रश्न विचारला नाही. शाळेच्या सहलीसाठी मुलाला तपासताना मी याहून अधिक वेळ देतो.

जानेवारीत माझ्या एका जुन्या रुग्णाचे काका असेच प्रमाणपत्रासाठी आले. मी त्यांना बसवून सारे प्रश्न विचारले आणि प्रवासात बंदूक कशी नेणार, तेही विचारले. मनःस्वास्थ्याच्या तपासणीसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, चहा घेतला, नमस्कार केला. आठवड्याने त्यांच्या वहिनी मुलाला लस टोचायला घेऊन आल्या, तेव्हा कळले की प्रमाणपत्र त्यांना त्याच संध्याकाळी लष्करातच दुसरीकडे मिळाले होते.