खुंटा पक्का, मग जाते फिरवा

आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली दहावीनंतर आयटीआयमध्ये आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकत आहेत. ज्या घरात आजोबांनी गिरणीत साचे चालवले, वडिलांनी वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतल्या, त्या घरातील मुलगी संगणकावर यंत्राच्या भागाचे आरेखन करते, ही लहान गोष्ट नव्हे. कारखान्यात ज्याने रेघ काढली त्याच्या रेघेवर बाकीचे हात चालतात. रेघ चुकली तर पत्रा वाया जातो, मजुरी कापली जाते आणि ‘यांना काय जमणार’ म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. म्हणून या वेळी आम्ही या कामातील एक पायाभूत गोष्ट घेतली आहे : आकृती नेमकी जुळवणे आणि फिरवणे.

नवशिक्या मुलाची सवय काय असते? आकृती माउसने धरायची, ओढायची आणि डोळ्याला सरळ दिसली की सोडून द्यायची. पडद्यावर ती सरळ दिसतेही. पण पत्रा कापणारे यंत्र डोळ्याने पाहत नाही, ते आकडा वाचते.

आपल्या जिव्हाळ्याचेच उदाहरण घेऊ. सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र राष्ट्रध्वजावर आले. संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी तो ध्वज स्वीकारला आणि त्यासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेबही होते. या चक्राला 24 आरे आहेत. पूर्ण फेरा 360 अंशांचा, म्हणून दोन आऱ्यांमधील कोन 15 अंश. आता एखाद्याने अंदाजाने 15 ऐवजी साडेचौदा अंशांवर आरे बसवत नेले, तर काय होईल? एकेका आऱ्याला चूक दिसणार नाही. पण 23 फटी मिळून साडेतेहतीस आणि तीनशे अंशच भरतील आणि शेवटची फट साडेसव्वीस अंशांची उरेल. 300 मिलिमीटर त्रिज्येच्या चक्रात काठावरचा एक अंश म्हणजे सुमारे सव्वापाच मिलिमीटर. म्हणजे शेवटची फट इतर फटींपेक्षा सहा सेंटिमीटरहून अधिक रुंद! अर्ध्या अंशाचा आळस असा साचत जातो.

मग योग्य रीत कोणती? ती आपल्या आयाबायांना संगणकाशिवाय ठाऊक होती. जाते फिरते ते खुंट्याभोवती. खुंटा हलला तर पीठ नीट पडत नाही. ऑटोकॅडमध्ये ‘रोटेट’ आज्ञा दिली की संगणक आधी आधारबिंदू विचारतो. तो बिंदू म्हणजेच खुंटा. तो चुकीच्या जागी दिला तर कोन बरोबर असूनही आकृती भलतीकडे जाऊन पडते. म्हणून एफ-थ्री कळ दाबून ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ चालू ठेवावे आणि वर्तुळाचा मध्य किंवा रेघेचे टोक नेमके पकडावे. मग कोन आकड्यात लिहावा. नेहमीच्या मांडणीत शून्य अंश उजवीकडे असतो आणि अधिक कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, हे पाठ असावे. घड्याळाच्या दिशेने फिरवायचे तर कोनाआधी उणे चिन्ह लिहावे.

चक्रासाठी 24 वेळा फिरवत बसण्याचे कारण नाही. एक आरा नीट काढावा, ‘पोलर अ‍ॅरे’ घ्यावा, चक्राचा मध्य खुंटा म्हणून द्यावा, संख्या 24 आणि भरायचा कोन 360 लिहावा. ‘रोटेट आयटम्स’ चालू आहे ना, हे बघावे. ते बंद असेल तर आरे मध्याकडे न वळता सगळे उभेच राहतात.

कधी कधी किती अंश फिरवायचे तेच माहीत नसते. समजा, विहाराच्या जागेचा मोजणी नकाशा तिरका आला आहे आणि त्यातील एक भिंत आडवी हवी आहे. कोनमापक शोधू नका. ‘रोटेट’मध्ये ‘रेफरन्स’ निवडा, त्या भिंतीची दोन टोके दाखवा आणि नवा कोन शून्य द्या. वजाबाकी संगणक करतो. एक आकृती दुसऱ्या आकृतीच्या कडेला नेऊन बसवायची असेल तर ‘अलाइन’ आहे. पहिल्या आकृतीचा बिंदू, तो जिथे जायचा तो बिंदू, अशा दोन जोड्या द्याव्यात. सरकवणे आणि फिरवणे एकदमच होते. शेवटी संगणक विचारतो, माप बदलू का? तिथे घाईने ‘यस’ म्हटले तर आकृती लहानमोठी होऊन बसते. जागी बसली, पण माप गेले, असे होऊ देऊ नका.

सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा फ्रीकॅड शिकणाऱ्यांना वेगळी अडचण येते. तिथे स्केचमधील रेघांना बंधने असतात : आडवी, उभी, समांतर, काटकोनी, समान, एककेंद्री. चौकोनाच्या दोन बाजूंवर आडवेपणाचे आणि दोन बाजूंवर उभेपणाचे बंधन असेल, तर तो फिरणार कसा? मुले चिडतात, ‘सॉफ्टवेअर ऐकत नाही’ म्हणतात. खरे तर ते तुमचेच आधीचे म्हणणे पाळत असते. आडवे-उभेपण काढा. बाजूंना एकमेकींशी समांतर आणि काटकोनी करा, लांबी-रुंदीची मापे द्या, एक कोपरा पक्का करा आणि एका बाजूला कोनाचे माप द्या. आता तो एक आकडा बदलला की अख्खा चौकोन अंग न मोडता फिरतो. नेहमीच्या रंगयोजनेत सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण बांधलेले स्केच काळे होते, मोकळे राहिलेले निळे दिसते. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेले हिरवे होते. तो रंग येईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. फ्रीकॅडला पैसे पडत नाहीत, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. घरी किंवा विहाराच्या वाचनालयात एक बरा संगणक असला तरी सराव होऊ शकतो.

बाबासाहेब 1942 साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. हातात कसब असलेला माणूस कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही, ही त्यामागील दृष्टी आम्हाला दिसते. आज संगणक आला, आज्ञा आल्या. पण नुसती बटणे पाठ करून कसब येत नाही, त्यासाठी भूमिती समजावी लागते. आणि तथागतांनी शिकवले तसे, कुणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतः पारखून मानावे लागते. म्हणून आकृती फिरवल्यावर कोन आणि अंतर पुन्हा मोजावे, मगच फाइल पुढे पाठवावी.

आई-वडिलांना संगणक येत नसला तरी हरकत नाही. मुलगी आरेखन दाखवायला आली की तिला तीनच प्रश्न विचारा : खुंटा कुठे धरलास? कोन किती दिलास? मोजून पाहिलेस का? तिन्ही उत्तरे न अडखळता आली, तर तिची रेघ कारखान्यात मान खाली घालायला लावणार नाही.

जयभीम!