भिंत कोणाच्या अंगावर पडते?

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसरात जमीन हादरू लागली. पुढचे कित्येक महिने डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर धक्के बसत राहिले. जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा आणि मागोमाग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चार रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला. जीव वाचवायला बाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. त्याच वर्षी जुलैमध्ये घराची भिंत कोसळून एक माणूस गेला.

शासनाने तंबू दिले. लोक ऐन थंडीत घराबाहेर झोपू लागले. चूल मात्र घरातच होती. ज्या घरात झोपायची भीती वाटते त्याच घरात भाकरी थापायला बाईला दोन वेळा जावेच लागते, हे तंबू वाटणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. तान्हे मूल, बाळंतीण, म्हातारी सासू यांना उघड्यावर कसे ठेवायचे, रात्री आडोशाला कुठे जायचे, हे प्रश्नही तिचे तिनेच सोडवायचे होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली. एक मोठा धक्का आणि नंतर विरत जाणारे लहान धक्के, असा हा प्रकार नव्हता. ही लहान लहान धक्क्यांची लांबच लांब रांग होती. पावसाचे पाणी खोल मुरते आणि खडकांच्या भेगांमधला दाब वाढतो, असे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी मांडले. हे संशोधन महत्त्वाचे आहे. पण जमीन का हलते याचे उत्तर मिळाले तरी तिचे हलणे कोणाला थांबवता येत नाही. घर मात्र आपण बांधतो. म्हणून स्त्री-चळवळीने विचारायचा प्रश्न असा की घर कसे बांधले आहे, कोणी बांधले आहे, आणि ते पडते तेव्हा आत कोण असते?

नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपात मेलेल्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. अनेक पुरुष रोजगारासाठी परगावी, परदेशी होते. बायका घरी होत्या. बाईची जागा घरात, असे मानणाऱ्या समाजात घर पडते ते आधी बाईच्याच अंगावर.

महाराष्ट्राने हे किल्लारीला पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे मेली. तो भूकंप सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा होता. त्याच्याएवढ्या धक्क्यात नीट बांधलेली घरे उभी राहू शकतात. तिथे माणसे मेली ती दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींखाली. या भिंती म्हणजे दगडांच्या दोन पाळ्या, मधे मातीची भर, दोन्ही पाळ्यांना एकत्र बांधणारे काही नाही, आणि वर मातीचे वजनदार माळवद. नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र एकमध्ये होता. २००२ मध्ये नकाशा बदलला, क्षेत्र एक रद्दच झाले आणि किल्लारी परिसर क्षेत्र तीनमध्ये आला. शहाणपण आले ते आठ हजार माणसे गेल्यावर. डहाणू-तलासरीबाबत ती सबबही उरलेली नाही. २०१६ च्या भारतीय मानकात हा भाग क्षेत्र तीनमध्येच आहे.

भूकंपरोधक घर म्हटले की आपल्याला वाटते, हे इंजिनिअरांचे काम, आपल्याला काय कळणार? प्रत्यक्षात त्यातले मूळ तत्त्व पाटी भरून डोक्यावर वाहणाऱ्या कोणत्याही बाईला कळेल. जमीन हलते तेव्हा घराला त्याच्या वजनाच्या प्रमाणात हिसका बसतो. घर जितके जड, तितका हिसका मोठा. विटेची भिंत वरून आलेला भार पेलते, पण आडवा ताण तिला सोसत नाही. चार भिंती चार दिशांना हलतात, कोपरे उकलतात, भिंत बाहेर पडते आणि छत खाली येते. म्हणून चारही भिंतींना पेटीसारखे बांधायचे. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईसह काँक्रीटची सलग पट्टी फिरवायची. कोपऱ्यांत उभ्या सळया घालायच्या. दार-खिडक्या कोपऱ्याला चिकटवायच्या नाहीत. छत भिंतीला घट्ट बांधायचे. खांबातल्या रिंगांची टोके आत वळवायची. काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारायचे. मातीच्या आणि साध्या दगड-विटांच्या घरांसाठीही भारतीय मानके आहेत. ती १९९३ सालीच निघाली. रुडकीला भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण-संशोधन १९६० पासून चालू आहे. म्हणजे ज्ञान आहे, ते पाड्यापर्यंत पोहोचलेले नाही.

पाड्याकडे स्वतःचे ज्ञान होते. वारली घराचे लाकडी खांब, कारवीचे कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप ही बांधणी हलकी असते, हिसक्याबरोबर थोडी लवते. कूड पडला तरी त्याखाली माणूस सहसा चिरडत नाही. ते कूड लिंपण्याचे काम बायकांचे. पण म्हणून जुन्या घराचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. कारवी किडते, लाकूड मिळत नाही, दर वर्षी डागडुजी करावी लागते, आणि पक्के घर हवे ही बाईची इच्छा रास्तच आहे. अडचण अशी की पक्के म्हणून जे मिळते ते पुष्कळदा फक्त जड असते. हलका कूड गेला आणि त्याच्या जागी पट्टी नसलेली विटेची भिंत आली, तर धोका वाढला. मग सुधारणा कसली झाली?

इथे घरकुल योजनेचा प्रश्न येतो. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर किंवा बाईच्या एकटीच्या नावावर करण्याची तरतूद त्यात आहे. ही तरतूद मोलाची आहे. पण कागदावर मालकीण असलेल्या बाईला सळई किती घातली हे विचारता येते का? हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात आणि टप्प्याचा पुरावा म्हणून फोटो काढतात. फोटोत भिंतीची उंची दिसते, भिंतीच्या आतली सळई दिसत नाही. ती दिसते रोज कामावर उभ्या असलेल्या बाईला, आणि तिला कोणी विचारत नाही.

बांधकामावर बाई बिगारी असते. विटा वाहते, रेती चाळते, पाणी मारते. थापी मात्र गवंड्याच्या हातात, आणि गवंडी पुरुष. मजुरीतला फरकही त्याच थापीवर ठरतो. डहाणू-तलासरीतली कितीतरी आदिवासी कुटुंबे दर वर्षी वीटभट्टीवर जातात. शहरांच्या भिंतींची वीट जिच्या हातून निघते, तिच्याच घराची भिंत कच्ची, हा योगायोग म्हणायचा का?

याच जिल्ह्यात तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. बुलेट ट्रेनचा मार्ग याच पट्ट्यातून जातो. अशा प्रकल्पांची रचना करताना भूकंपाचा हिशेब धरावाच लागतो. त्याच जमिनीवर, त्याच धक्क्यांखाली राहणाऱ्या बाईच्या दोन खोल्यांसाठी तो हिशेब कोण मांडतो?

हे होऊ शकते, याचा पुरावा किल्लारीनंतरच्या कामात आहे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत महिला मंडळांना पुनर्बांधणीत उतरवले. गावातल्या बायका संवाद सहायक झाल्या. शासनाची योजना त्यांनी लोकांना समजावली, बांधकामावर लक्ष ठेवले, इंजिनिअरला प्रश्न विचारले. पुढे २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या. ज्या बाईला बैठकीत बसायला जागा नव्हती, तिने गवंड्याला पट्टी कुठे, असे विचारले.

डहाणू-तलासरीसाठी आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक घरकुलाच्या आराखड्यात आणि रकमेत भूकंपरोधक पट्ट्या व कोपऱ्यातल्या सळया धरलेल्या असाव्यात. पट्टीचे काँक्रीट ओतण्यापूर्वी सळई पाहिल्याची सही त्या घराच्या बाईची असावी. आदिवासी स्त्रियांना पगारी गवंडी प्रशिक्षण मिळावे, आणि नंतर गवंड्याचीच मजुरी. उभ्या घरांची तपासणी पाड्यापाड्यावर व्हावी, तिचा निकाल ग्रामसभेत वारलीत आणि मराठीत सांगावा. भूकंपमापकांच्या नोंदीही तिथेच समजावून द्याव्यात.

१९४५ मध्ये याच तलासरीच्या झरीतून वारली स्त्री-पुरुषांनी वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने बाया तेव्हा उंबरठ्याबाहेर पडल्या. आज त्या उंबरठ्याच्या खाली जोते नीट आहे का, वरची पट्टी सलग आहे का, हे तपासायची वेळ आहे. धक्के काही काळ थांबले की शासन विसरते. आपण विसरून चालणार नाही. पुढच्या बैठकीत अजेंड्यावर हा विषय घ्या, आणि येताना आपल्या घराचे चारही कोपरे पाहून या.