मत देण्याआधी शपथ मागणाऱ्यांनो, जरा पैनगंगेपलीकडे बघा

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा. पटलं नाही तर खाली जरूर लिहा, पण पूर्ण वाचून लिहा.

गेल्या काही दिवसांपासून आसेगाव, मंगरूळपीर, वाशीम भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मतदार यादीची तपासणी होणारच आहे, तर त्याच वेळी प्रत्येकाकडून देशनिष्ठेची शपथ लिहून घ्या, जो देणार नाही त्याचं नाव कापा, असा त्याचा मतलब. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यातले दोघं माझे चांगले मित्र आहेत, म्हणून टाळून पुढं जाता येईना.

मेसेजमध्ये ‘प्रत्येकाकडून’ असं लिहिलंय. खालच्या कमेंट वाचल्या की कोणाकडून ते कळतं. शपथेचं हे असंच असतं. स्वतःकडून कुणी मागत नाही, मागायची ती शेजाऱ्याकडून.

आधी एक गोष्ट साफ करतो. मला देशाची शपथ घ्यायला काहीच अडचण नाही. शाळेत रोज प्रतिज्ञा म्हणूनच आपण मोठे झालो. ती प्रतिज्ञा लिहिणारे पैडीमर्री वेंकट सुब्बाराव नलगोंडा जिल्ह्यातले. १९६२ साली त्यांनी ती तेलुगूत लिहिली. नलगोंडा म्हणजे जुन्या निजाम राज्याचा जिल्हा. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

माझा प्रश्न शपथेबद्दल नाही. शपथ घेतली तरच मत, हा जो सौदा आहे, त्याबद्दल आहे. त्याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे, तेवढी ओलांडली तरी पुरे.

आज वाशीमहून हिंगोलीला जाताना नदी कधी गेली ते कळतही नाही. कन्हेरगाव नाक्याला चहा घेऊन लोक पुढं निघतात. पण १९४८ पर्यंत ही सरहद्द होती. अलीकडं आपलं वऱ्हाड, इंग्रजांच्या आणि मग भारत सरकारच्या कारभाराखाली. पलीकडं निजामाचं राज्य. तिथं पोस्ट वेगळं, पैसा वेगळा, हाली सिक्का चालायचा. १५ ऑगस्ट १९४७ ला अलीकडं तिरंगा फडकला. पलीकडं तो फडकवणाऱ्याला जेल होती.

पुढचे तेरा महिने या सरहद्दीवर काय झालं, ते आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी ऐकवलेलं आहे. रझाकारांनी गावं लुटली, जाळली. बायकापोरं घेऊन लोक रातोरात नदी ओलांडून वऱ्हाडात आले. अलीकडच्या बाजूला स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, तिथून पोरं पलीकडच्या नाक्यांवर हल्ले करायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. पलीकडं दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, ते यासाठी.

गोष्ट इथंच संपवायची आपल्याला सवय आहे. ती तिथं संपली नाही. फौज आल्यावर सूडही निघाला, आणि तो निघाला बऱ्याचदा साध्या मुसलमान शेतकऱ्यावर, विणकरावर, ज्यानं कधी बंदूक हातात धरली नव्हती. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड हे चार जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले. अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार सांगणाऱ्यानं हेही सांगावं, आणि हे सांगणाऱ्यानं रझाकारांचे अत्याचार लपवू नयेत. दोन्ही झालं. दोन्हीकडच्या माणसांना पुढं त्याच गावात राहायचं होतं, त्याच विहिरीचं पाणी प्यायचं होतं.

आता विचार करा. जखम अजून ओली आहे. गावात कोण कोणाच्या बाजूनं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि तीन-साडेतीन वर्षांत पहिली निवडणूक येते, १९५२ ची. ‘आधी निष्ठा दाखवा, मग मत’ म्हणायला यापेक्षा मोठं कारण या देशात कुठं होतं?

तरी तशी अट घातली नाही. पलीकडच्या एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत मिळालं. ज्याचं घर रझाकारांनी जाळलं त्याला मिळालं, आणि ज्याचा चुलतभाऊ रझाकारांत होता त्यालाही मिळालं.

हे कुणाच्या नजरचुकीनं झालं नव्हतं. राज्यघटनेचं कलम ३२६ काढून बघा. मताधिकार कशामुळे जाऊ शकतो याची यादीच तिथं आहे: तिथं राहत नसणं, मनोविकलता, गुन्हा, भ्रष्ट किंवा बेकायदेशीर कृत्य. त्यात निष्ठा हा शब्द नाही, मनात काय चाललंय हेही नाही. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांनी फाळणी डोळ्यांनी पाहिली होती. आपल्यापेक्षा त्यांना धोका कमी कळत होता, असं म्हणायचं धाडस मला होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. १९४८ साली, घटना तयार व्हायच्या आधीच, मतदार याद्यांचं काम सुरू झालं. लाखो निर्वासित नुकतेच आलेले, ना घर ना कागद. त्यांची नावं कशी घालायची? घटना परिषदेच्या सचिवालयानं सूचना काढली की या गावात कायम राहायचा माझा इरादा आहे, एवढं त्या माणसानं सांगितलं तरी नाव घ्या, किती दिवसांपासून राहतो ते बघू नका. त्या काळात या देशानं मतदाराकडून काही वदवून घेतलं असेल, तर ते एवढंच: मी इथं राहणार आहे.

आणि मोठ्यांचं काय झालं ते बघा. ज्याच्या सरकारशी लढाई झाली तो निजाम मीर उस्मान अली खान, त्यालाच २६ जानेवारी १९५० ला हैदराबादचा राजप्रमुख केलं. त्यानं भारताच्या घटनेची शपथ घेतली आणि १९५६ पर्यंत पदावर राहिला. राजाला पद दिलं आणि वसमतच्या विणकराला म्हणायचं, तुझ्या निष्ठेचा कागद आण? असा उफराटा न्याय तेव्हाच्या लोकांनी केला नाही, हे बरं झालं.

मग गुन्हेगार मोकळे सुटले का? नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी. त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, जेलमध्ये राहिला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. शिक्षा माणसाला झाली, त्यानं केलेल्या गुन्ह्याची झाली. जमातीचं मत काढून घेतलं नाही.

आता नलगोंडा. तिथं तर कम्युनिस्टांनी आधी निजामाविरुद्ध आणि मग भारत सरकारविरुद्धही बंदुका उचलल्या होत्या. १९५१ च्या ऑक्टोबरात त्यांनी लढा मागं घेतला. हैदराबाद राज्यात पक्षावर बंदी, म्हणून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट नावानं उभे राहिले. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी निवडून आले, आणि खुद्द पंडित नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन आले. कालपर्यंत जंगलात बंदूक घेतलेली चळवळ लोकसभेत जाऊन बसली. तिथं त्यांनी घटनेची शपथ घेतली. क्रम बघा: आधी लोकांचं मत, मग निवडून आलेल्याची शपथ. याच जिल्ह्यातल्या माणसानं दहा वर्षांनी आपली प्रतिज्ञा लिहिली. तिथल्या लोकांना आधी दाराबाहेर उभं केलं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आपल्या कायद्यात शपथ आहे, नाही असं नाही. आमदार, खासदार, मंत्री घेतात. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारालाही देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ घ्यावी लागते. ज्याला सत्ता हवी त्यानं शपथ घ्यावी, हे रास्त आहे. मतदार सत्ता मागत नाही, तो देतो.

मत काढून घेतल्याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. निवडणूक प्रचारातल्या भाषणांवरून बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षांसाठी गेला. आदेश निघाला १९९९ मध्ये, राष्ट्रपतींच्या सहीनं, तोही कोर्टाच्या निकालानंतर. तो योग्य की अयोग्य यावर तुमचं-माझं वेगळं मत असू शकतं. पण पद्धत बघा: ठरावीक कृत्य, पुरावा, कोर्ट, ठरावीक मुदत. चहाच्या टपरीवर ‘तो तसाच आहे’ म्हणून कुणाचं मत गेलं नाही.

शपथेचा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे, असं एका मित्रानं विचारलं. बाबू, तो करून झालाय. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते १८६५. मिसूरी हे तिथलं सीमेवरचं राज्य, घराघरात दोन बाजू. एक भाऊ इकडून लढला, एक तिकडून. जिंकलेल्या बाजूनं १८६५ च्या राज्यघटनेत अट घातली की ज्याला मत द्यायचं त्यानं शपथ घ्यायची, आपण बंडखोरांना कधी मदत केली नाही, सहानुभूतीही दाखवली नाही. सहानुभूती मोजायची कशी? ते यादी करणारे अधिकारी ठरवणार. शिक्षक, वकील, पाद्री यांनाही तीच अट. कमिंग्ज नावाच्या एका पाद्र्यानं शपथ न घेता प्रवचन केलं म्हणून त्याला जेलमध्ये टाकलं. १८६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाद्र्यांवरची अट रद्द केली. मतदारांवरची मात्र १८७० पर्यंत चालली. त्या वर्षी ज्या पक्षानं ती आणली, त्याच पक्षातली माणसं फुटून तिच्याविरुद्ध उभी राहिली आणि लोकांनी ती मोडीत काढली.

आणि ज्यांच्यासाठी ते युद्ध झालं म्हणतात, त्या काळ्या माणसांना मिसूरीच्या या शपथवाल्या घटनेनं मत दिलंच नव्हतं. ते त्यांना १८७० मध्ये देशाच्या घटनादुरुस्तीनं मिळालं. म्हणजे शपथेनं देशभक्त वाढले नाहीत आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्यायही मिळाला नाही. खोटं बोलायला न लाजणारा माणूस शपथ घेऊन मोकळा झाला असणार. अडकतो तो खरं बोलणारा.

आता आपल्या गावाचं बोलू. मतदार यादी साफ पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. मेलेल्या माणसाचं नाव काढा, दोन ठिकाणी असलेलं एक काढा. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर चौदा गावं आहेत, तिथल्या लोकांकडं दोन्ही राज्यांची मतदार कार्डं आहेत. तो घोळ सुटला पाहिजे. पण तो घोळ दोन सरकारांच्या भांडणाचा आहे, त्या लोकांच्या निष्ठेचा नाही.

जो भारताचा नागरिक नाही त्याला मत नाही, हेही कायद्यात आहेच. नाव नोंदवायच्या अर्जात मी नागरिक आहे, इथं राहतो, माझं वय इतकं, हे सहीनिशी लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मग आणखी शपथ कशाला? ही सगळी माहिती तपासता येते. निष्ठा तपासता येत नाही. आणि जी गोष्ट तपासता येत नाही, ती ठरवायचा अधिकार शेवटी गावातल्या वजनदार माणसाच्या हातात जातो. धुऱ्याचं भांडण असलेला शेजारी तुमच्या निष्ठेबद्दल काय सांगेल, ते सांगायला नको.

साधी कागदाची अट घातली तरी कोण गळतं, ते आपण बघितलंय. १९५२ च्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत आली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. बिहारमध्ये २०२५ च्या फेरतपासणीत सुमारे ६५ लाख नावं मसुदा यादीत नव्हती. मेलेले, गेलेले, दुबार अशी कारणं दिली, पण कोणाचं नाव कशामुळे गेलं ते जाहीर करा, हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. त्यानंतरच्या टप्प्यात गोव्यासह बारा राज्यं व केंद्रशासित प्रदेश होते. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपली पाळी येणारच.

तेव्हा वीसेक वर्षांपूर्वीच्या यादीत स्वतःचं नाहीतर आईबापाचं नाव शोधावं लागेल. आपल्याकडं सेनगाव, हिंगोली, कळमनुरीकडच्या किती लेकी सुना म्हणून आल्यात, मोजा. त्यांच्या बापाचं नाव नदीपलीकडच्या यादीत, यांचं आडनाव बदललेलं, काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, बीएलओ आला की दाराला कुलूप. यांच्या निष्ठेवर कुणाला शंका नसेल, पण नाव आधी त्यांचंच जाईल.

म्हणून शपथेचा मेसेज पुढं ढकलायच्या आधी ही कामं करा. आपलं नाव यादीत आहे का बघा. घरातल्या सुनेच्या माहेरच्या यादीचा भाग क्रमांक आत्ताच मागवून ठेवा. बाहेरगावी कामाला गेलेल्या शेजाऱ्याला फोन करा. त्यात तुमच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा कोण हे बघू नका.

आणि ज्याला शपथ मागायचीच आहे त्यानं पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या उमेदवाराकडं मागावी. त्यानं मागच्या वेळी घेतली होती ती पाळली का, हेही लगेच विचारून घ्यावं.