विश्लेषण : विहिरीवरच्या स्टार्टरपासून लिनक्सपर्यंत… ‘सी’ भाषेला ‘रस्ट’चा पर्याय का हवा?

शेतीला वीज रात्रीच्या पाळीत असली की पुणतांब्याच्या शिवारात विहिरीवर जायला कोणी उत्सुक नसतो. अंधार, विंचूकाटा आणि अलीकडे बिबट्या. त्यामुळे गोदाकाठच्या या पट्ट्यात, राज्यात इतरत्र झाले तसेच, स्टार्टरच्या पेटीत ‘मोबाइल ऑटो’ आला. घरून फोन लावायचा, मोटार सुरू. तीनही फेज आहेत का, व्होल्टेज पुरेसे आहे का, विहिरीत पाणी आहे की मोटार कोरडी फिरते आहे, हे ती पेटीच पाहते. हे सगळे ठरवतो तो नखाएवढ्या चिपमध्ये भरलेला एक छोटा प्रोग्राम. असे प्रोग्राम बहुतेक वेळा ‘सी’ भाषेत लिहिलेले असतात, आणि ही भाषा जन्मली १९७२च्या सुमारास.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने एक अहवाल काढून सॉफ्टवेअर कंपन्यांना आवाहन केले : सी आणि सी-प्लस-प्लस सोडा, मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळा. भाषा कोणती वापरावी हे सरकारने सांगावे, असा प्रसंग विरळाच. या वादाशी राहाता तालुक्यातल्या शेतकऱ्याचा संबंध काय, असे वाटेल. संबंध त्याच्या स्टार्टरच्या पेटीत आहे, आणि उद्या त्याच्या सौरपंपातही असणार आहे.

सिस्टीम सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय?

मोबाइलवर दिसतात ती ॲप्स म्हणजे इमारतीचा वरचा मजला. त्याखाली ऑपरेटिंग सिस्टीम, तिचा गाभा म्हणजे कर्नल, प्रिंटर-मोडेम चालवणारे ड्रायव्हर आणि यंत्रात कायमचे बसलेले फर्मवेअर असते. या तळमजल्यावरचा प्रोग्राम थेट चिपशी आणि मेमरीशी बोलतो. तिथे चूक झाली तर सावरायला खाली कोणी नसते.

हा फरक पुणतांब्याला वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. १ जून २०१७ रोजी शेतकरी संपाची ठिणगी याच गावातून पडली. त्यानंतर राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन भरायला लावले. पुढे याद्या अडकल्या, एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे दिसू लागली, दिवाळीत वाटलेल्या प्रमाणपत्रांनंतरही खात्यात पैसे येईनात. ‘सॉफ्टवेअरचा घोळ’ हा शब्द तेव्हा पारावर पोहोचला. पण तो घोळ वरच्या मजल्यावरचा होता. बँकांची आकडेवारी जुळत नव्हती आणि ती तपासण्याआधी घाई झाली होती. कोणतीही भाषा वापरली असती तरी तो टळला नसता. तळमजल्यावरचे घोळ वेगळे, आणि तिथे भाषेने फरक पडतो.

बांध कोरला जातो तेव्हा

मेमरी म्हणजे ओळीने आखलेली वावरे समजा. प्रत्येक वावराला क्रमांक आहे. सी भाषेत प्रोग्रामरने दहा खण मागितले आणि चुकून अकराव्यात लिहिले, तर भाषा त्याला अडवत नाही. अकरावा खण शेजाऱ्याचा असतो. त्याचे पीक मोडते, आणि मोडल्याचे कोणाला कळतही नाही.

‘मोबाइल ऑटो’चेच उदाहरण घेऊ. समजा, प्रोग्रामरने आलेला एसएमएस साठवायला १६० अक्षरांची जागा ठेवली, कारण इंग्रजी एसएमएस तेवढाच असतो. आता त्या सिमवर कंपनीची मराठीतली जाहिरात आली. देवनागरी संदेशात अक्षरे ७०च बसतात, पण मोडेम ती चिपकडे देताना सहसा प्रत्येक अक्षराचे चार आकडी संकेत करून देतो. झाली २८० चिन्हे. १६० आपल्या वावरात, उरलेली १२० बांधापलीकडे. त्या पलीकडच्या जागेत ‘मोटार कोरडी फिरली तर बंद कर’ हे सांगणारा आकडा ठेवलेला असेल, तर मोटार जळेपर्यंत पेटीला काही वावगे वाटणार नाही. प्रयोगशाळेत इंग्रजी संदेशांवर चाचणी केलेल्या प्रोग्रामरला हा दोष कधी सापडणारही नाही.

मोठ्या जगात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात सर्व्हरला ‘मी ६४ किलोबाइट पाठवतो आहे, तेवढेच परत दे’ असे खोटे सांगता येत असे. सर्व्हर न मोजता शेजारच्या मेमरीतला मजकूर देऊन टाकी, मग त्यात पासवर्ड का असेना. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. प्रोग्रामकडे माहितीचे २० रकाने होते, नव्या नियमाने २१वा वाचायला सांगितला. तो वाचायला गेला आणि कोसळला. पुन्हा बांधच.

आपल्या उत्पादनांतले सुमारे ७० टक्के सुरक्षादोष मेमरीशी संबंधित असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. ते लिहिणारे जगातले निष्णात प्रोग्रामर होते. ‘चांगला प्रोग्रामर अशी चूक करत नाही’ हा युक्तिवाद तिथेच संपायला हवा.

महाराष्ट्राचे ‘सी’प्रेम

तरीही सी टिकली, याला कारणे आहेत. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच तिच्यात पुन्हा लिहिला गेला. त्याआधी प्रत्येक यंत्रासाठी वेगळा असेम्ब्ली कोड लिहावा लागे. सीने तो जाच कमी केला आणि वेगही राखला. ती लहान आहे, प्रत्येक चिपवर चालते, आणि प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते.

महाराष्ट्रात तर ती घरची झाली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी झिजवले. टर्बो सीच्या निळ्या पडद्याची आठवण नसलेला चाळिशीतला इंजिनीअर शोधून सापडणार नाही. (तो निळा पडदा काही प्रयोगशाळांतून नको इतका उशिरा गेला, हा वेगळा विषय.)

पुण्याने एक दुसरी भाषाही जवळून पाहिली आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप होत्या आणि त्या चिपसाठी ‘ऑकम’ नावाची खास भाषा बनली होती. एकाच वेळी अनेक कामे चालवताना ती एकमेकांच्या मेमरीत पाय घालणार नाहीत, याचा विचार तिच्यात होता. आज रस्टचे ज्या गुणासाठी कौतुक होते, त्याच्या जवळचाच तो गुण. पण ट्रान्सप्युटर बाजारातून गेला आणि ऑकमही गेली. ‘परम’ पुढच्या पिढीत वेगळ्या चिपवर गेला, सी मात्र सगळीकडे राहिली. चांगली भाषा आपोआप जिंकत नाही. तिला यंत्रे लागतात, माणसे लागतात आणि नोकऱ्याही लागतात.

रस्टचा सातबारा

२००६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये मोझिला कंपनीतला प्रोग्रामर ग्रेडन होअर घरी आला तर लिफ्ट बंद. तिचे सॉफ्टवेअर कोसळले होते. २१ मजले चढताना त्याच्या मनात आले की, कोसळणार नाही असा लिफ्टचा प्रोग्राम लिहिणे एवढे अवघड का असावे. त्यातून रस्टची सुरुवात झाली. मोझिलाने २००९ पासून पाठबळ दिले आणि मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली.

तिची मूळ कल्पना मराठी माणसाला समजावून सांगायला सोपी आहे, कारण ती सातबाऱ्यासारखी आहे. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक. मालकी दुसऱ्याला दिली की पहिल्याचे नाव कमी होते. विकलेल्या वावरात जुना मालक पेरायला गेला, तर त्याला परत पाठवले जाते. पाहायला उसने कितीही जणांना द्या, पण बदल करायला द्यायचे असेल तर एकालाच, आणि तोवर इतरांनी पाहायचेही नाही. हे नियम तपासणारा तलाठी म्हणजे कंपायलर. (खऱ्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) फरक एवढाच की हा तलाठी पेरणीआधीच सगळे दप्तर तपासतो आणि एक नोंद चुकली तरी नांगर धरू देत नाही. खणांची संख्या मात्र प्रोग्राम चालताना मोजली जाते. अकराव्यात हात घातला तर रस्ट तिथल्या तिथे थांबते, शेजारी मोडत नाही.

मग जावा, गो, पायथन का नकोत? त्याही मेमरी सांभाळतात. पण त्यासाठी त्या एक झाडूवाला सोबत ठेवतात, जो मधूनमधून फिरून न लागणारी मेमरी गोळा करतो. कर्जमाफीच्या यादीला तो चालेल. काही किलोबाइटच्या चिपमध्ये त्याला उभे राहायलाही जागा नसते.

रस्ट आली की संपले?

नाही. आणि हे रस्टच्या चाहत्यांनीच मोठ्याने सांगायला हवे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा कोलमडली आणि एक्स, चॅटजीपीटीसह असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. जिथे प्रोग्राम थांबला तो भाग रस्टमध्ये लिहिलेला होता. अपेक्षेपेक्षा मोठी फाइल आली, ‘असे झाले तर काय करायचे’ हे लिहिलेले नव्हते, आणि भाषेने नियमाप्रमाणे प्रोग्राम बंद केला. कोणाची माहिती फुटली नाही, पण सेवा बंद पडली ती पडलीच.

रेल्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. दौंड-मनमाड मार्गावरचे पुणतांबा हे जंक्शन. शिर्डीकडे जाणारा फाटा इथून फुटतो. अशा ठिकाणी एका गाडीला रस्ता दिला की दुसरीला तो मिळू नये, याची खात्री इंटरलॉकिंग करते. २ जून २०२३च्या बालासोर अपघातानंतर ‘इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि संशय सॉफ्टवेअरवर गेला. चौकशीत दोष निघाले ते सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांचे. जगभर रेल्वे सिग्नलची सॉफ्टवेअर सीच्या अगदी कडक नियमांनी बांधलेल्या रूपात किंवा ‘एडा’ भाषेत लिहिली जातात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या १४व्या मार्गिकेचा सुरक्षेचा कोड एडामध्ये होता आणि तो गणिताने सिद्ध केलेला होता. शिस्त असेल तर जुन्या भाषेतही सुरक्षित काम होते. त्या शिस्तीला लागणारा पैसा आणि वेळ रेल्वे देते; दोन-चार हजारांच्या स्टार्टरचा कारखानदार देऊ शकत नाही. रस्टचे खरे महत्त्व त्याच्यासाठी आहे, कारण त्या शिस्तीतला मोठा वाटा कंपायलर फुकटात करून देतो.

सगळे पुन्हा लिहायचे का?

लिनक्सच्या कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्या सीमध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली, तीही जुन्या जाणत्यांशी बरीच वादावादी होऊन. हे सगळे नव्याने लिहायचे म्हटले तर नव्या चुका होतील त्या वेगळ्याच.

अँड्रॉइडच्या अनुभवाने या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिले आहे. गुगलने जुना कोड तसाच ठेवला आणि नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला घेतला. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षादोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा ७६ टक्के होता. २०२४ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. जुना कोड वापरात राहून, दुरुस्त होत होत मुरतो, त्यातले दोष कमी होत जातात. धोका प्रामुख्याने काल लिहिलेल्या ओळींत असतो. म्हणजे घर पाडायची गरज नाही, नवी खोली नीट बांधली तरी पुरते.

निविदेत दोन ओळी

महाराष्ट्रात अशी नवी खोली सध्या बांधली जाते आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून पंप शिवारात येत आहेत. केंद्राच्या कुसुम योजनेच्या निकषांनुसार अशा पंपांच्या कंट्रोलरला दूरस्थ देखरेखीची सोय लागते, म्हणजे तो नेटवर्कला जोडलेला असतो. महावितरणच्या स्मार्ट मीटरचेही तेच. मीटरवरून राज्यात वाद पुष्कळ झाला, पण तो बिलाचा. आतल्या प्रोग्रामबद्दल कोणी विचारले नाही. एकटा स्टार्टर बिघडला तर एका विहिरीचे नुकसान होते. एकाच फर्मवेअरचे हजारो कंट्रोलर जाळ्यात असतील, तर एक कोरलेला बांध सगळ्यांच्या वावरातून जातो.

एक अडचण मान्य केली पाहिजे. स्वस्त कंट्रोलरमध्ये अजून आठ बिटच्या जुन्या चिप असतात आणि त्यांच्यावर रस्टचा पाठिंबा तुटपुंजा आहे. ३२ बिटच्या एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह चिपवर मात्र ती उत्तम चालते, आणि नेटवर्कला जोडलेल्या यंत्रात बहुधा अशाच चिप लागतात. वाहनांच्या सुरक्षा-मानकांसाठी प्रमाणित केलेला रस्ट कंपायलरही २०२३ पासून मिळतो. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ ही सबब सरकारी खरेदीत तरी टिकणारी नाही.

दुसरी अडचण माणसांची. लोणी आणि कोपरगावची अभियांत्रिकी महाविद्यालये पुणतांब्यापासून फार लांब नाहीत, आणि या भागातली मुले तिथेच शिकतात. त्यांच्या अभ्यासक्रमातून सी काढून टाकावी, असे कोणी सुचवत असेल तर ते चुकीचे आहे. पॉइंटर म्हणजे काय, मेमरी कशी मोडते, हे स्वतः मोडून पाहिल्याशिवाय रस्टचा तलाठी एवढा कटकट्या का, हे कळत नाही. पण पॉइंटरचे प्रोग्राम पाठ करून प्रॅक्टिकलला उतरवणे म्हणजे ते शिकणे नव्हे. पहिल्या वर्षी सी, तिसऱ्या वर्षी तोच प्रोग्राम रस्टमध्ये, आणि कंपायलर कुठे अडवतो याची वही, एवढे कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकते. कंपायलर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.

पंपाच्या निविदेत पॅनेलचे वॅट, पाइपचा व्यास, सांगाड्याचे गॅल्व्हनायझिंग आणि पाच वर्षांची देखभाल असे सगळे लिहिलेले असते. त्यात दोन ओळी वाढवायला खर्च येत नाही : नेटवर्कला जोडलेल्या कंट्रोलरचा नवा प्रोग्राम मेमरी-सुरक्षित भाषेत असावा, किंवा नसल्यास त्याची स्वतंत्र तपासणी झाल्याचा दाखला जोडावा, आणि दोष निघाल्यास त्या पाच वर्षांत दुरुस्त फर्मवेअर शेतकऱ्याकडून पैसे न घेता पुरवावे.