नामधारी संचालक आणि खरे धनी

ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याने जालन्यातील पोलाद उद्योगांवर धाडी घातल्या, तेव्हा शहरात चर्चा झाली ती ५६ कोटींच्या रोकडीची. आमच्या मते खात्याच्या निवेदनातील दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. बेहिशेबी उत्पन्न पोकळ, म्हणजे 'शेल', कंपन्यांमार्फत शेअरवरील अधिमूल्य व विनातारण कर्जे यांच्या रूपाने पुन्हा धंद्यात आणले गेले, असे खात्याने म्हटले होते. दोष कोणाचा, हे योग्य अधिकारी ठरवतील. परंतु ही वाट कायद्यानेच मोकळी ठेवली नाही काय?

दहा रुपयांचा शेअर पोकळ कंपनी शंभराला घेते. कागदोपत्री सारे निर्दोष! अशा कंपनीचा संचालक पुष्कळदा एखादा कारकून वा वाहनचालक असतो. सही त्याची, आज्ञा दुसऱ्याची. ज्याच्या सूचनेनुसार संचालक मंडळ वागते तोही जबाबदार, हे २०१३ च्या कंपनी कायद्यास मान्य आहे. पण तो पुराव्याने सापडावा कसा? 'शेल कंपनी' या शब्दाची व्याख्याच त्या कायद्यात नाही. किमान भरणा भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली. खरा धनी उघड करण्याचे बंधन पुढे आले, परंतु हिश्शाची मर्यादा दहा टक्के ठेवल्याने नातलगांच्या नावे नऊ-नऊ टक्के वाटणाऱ्यास पळवाट उरलीच.

२०१७-१८ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून कमी झाली व तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. मात्र अपात्रतेचे कारण विवरणपत्रे न भरणे हे होते. जो धूर्त ती वेळेवर भरतो, त्यास तिची झळ कशी लागणार?

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संसदेने संमत केलेल्या १९५६ च्या कायद्याने मॅनेजिंग एजंटांच्या सत्तेस लगाम घातला. १९७० मध्ये ती पद्धतच संपली. पडद्याआडून कारभार हाकण्याची वृत्ती मात्र संपली नाही. म्हणून 'शेल कंपनी'ची व्याख्या व्हावी, हिश्शाची मोजणी कुटुंबनिहाय एकत्र व्हावी आणि डोळे मिटून सही करणाऱ्या लेखापरीक्षकासही जाब विचारला जावा.

यात उद्योगाचा द्वेष नाही. पावतीने भंगार घेऊन सळई ओतणारा प्रामाणिक कारखानदारच करबुडव्याच्या स्वस्ताईपुढे आधी हरतो. जालना 'सोने का पालना' म्हणून ओळखले जाते. त्या पाळण्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हे नगरवासीयांस कळलेच पाहिजे.