संपला की थकला?



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात मोठंच भांडण जुंपलं. डबे उघडे, हातात पोळीचा घास तसाच, आणि दोन पोरं तावातावाने बोलतायत. विषय होता एक क्रिकेटपटू. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर हे पान वाचता वाचता तुमच्याही घरी दोन तट पडतील!

"तो संपलाय आता!" एकजण म्हणाला.

"हॅट्! अजून दोन वर्षं आरामात खेळेल," दुसरा.

"परवा शून्यावर गेला, बघितलंस ना?"

"आणि त्याच्या आधी पन्नास काढले, ते नाही दिसले?"

शेवटी दोघेही माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तुम्हीच सांगा. संपला ना तो?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार. पण असाच एक निकाल मी एकदा फार घाईने दिला होता. त्यापायी माझा भाचा माझ्याशी जवळजवळ तीन महिने बोलला नाही. ऐकायचंय?"

गोष्ट म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सगळा वर्ग गोळा झाला. तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

माझी ताई अमेरिकेत डेन्व्हर शहरात राहते. तिला दोन मुलं. भाची मोठी, भाचा धाकटा. ही गोष्ट २०१५ सालची. तेव्हा भाची होती चौदा वर्षांची आणि भाचा अकरा. दोघंही त्यांच्या गावच्या 'डेन्व्हर ब्राँकोज' या फुटबॉल संघाचे वेडे चाहते.

थांबा! आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत समोरची शेवटची रेघ ओलांडली की झाला 'टचडाउन'. त्याचे गुण ६.

यातला सगळ्यात महत्त्वाचा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, कुणाकडे फेकू? आणि तेवढ्या वेळात समोरचे धिप्पाड गडी त्याला पाडायला धावत येत असतात. बापरे!

डेन्व्हरचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग. जन्म १९७६ चा. १९९८ पासून तो इंडियानापोलिसच्या संघातून खेळत होता. पुढे मानेचं दुखणं उपटलं, शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११ चा संपूर्ण हंगाम तो एकही सामना खेळू शकला नाही. दुखणं मानेच्या नसेचं, त्यामुळे ज्या उजव्या हाताने तो चेंडू फेकायचा त्या हातातली ताकदच कमी झाली. २०१२ मध्ये त्याच्या संघाने त्याला मोकळं केलं. तेव्हाही लोक म्हणालेच, "संपला!"

आणि झालं काय? तो डेन्व्हरला आला आणि २०१३ च्या हंगामात त्याने टचडाउनच्या ५५ फेकी केल्या. एका हंगामात इतक्या फेकी त्याआधी कुणीच केल्या नव्हत्या. वय होतं ३७!

मॅनिंगची खासियत त्याच्या डोक्यात होती. समोरचे गडी कसे उभे आहेत ते तो न्याहाळायचा आणि चेंडू हातात यायच्या आधीच ओरडून आपल्या गड्यांना सूचना द्यायचा. त्याची "ओमाहा! ओमाहा!" ही आरोळी तर इतकी गाजली, की माझा भाचा जेवायला बसतानाही ओरडायचा, "ओमाहा! वरण वाढ!"

मग उजाडला २०१५ चा हंगाम. मॅनिंग ३९ वर्षांचा. संघ पहिले सात सामने ओळीने जिंकला खरा, पण मॅनिंगच्या फेकी मात्र काही केल्या जमेनात. आणि ताईच्या घरात वाद पेटला.

भाची म्हणायची, "चेंडू बघ कसा जातो त्याचा. हातात जोरच नाही. आपला संघ जिंकतोय तो बचाव करणाऱ्या गड्यांमुळे. आता तरुण मुलाला खेळवायला हवं."

भाचा म्हणायचा, "त्याचा पाय दुखतोय. शिवाय या वर्षी प्रशिक्षक नवा, त्याची पद्धत नवी. जरा वेळ तर द्या!"

असा वाद फक्त त्या एका घरात नव्हता बरं का. शहरभर हेच चाललं होतं.

१५ नोव्हेंबर २०१५ ला कॅन्सस सिटीच्या संघाशी सामना झाला. मॅनिंगने २० फेकी केल्या. त्यातल्या आपल्या गड्यांनी झेलल्या फक्त ५. आणि चार चेंडू तर चक्क समोरच्या संघाने झेलले! प्रशिक्षक गॅरी क्युबिअॅक यांनी भर सामन्यात त्याला बाहेर बसवलं. गंमत म्हणा की दैव म्हणा, कारकिर्दीतल्या फेकींच्या एकूण यार्डांचा ब्रेट फार्व्हचा मोठा विक्रम मॅनिंगने मोडला तो याच सामन्यात. एकाच दिवशी विक्रम आणि नामुष्की!

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. भाच्याने घेतला. मी आपली सहज हसत म्हणाले, "काय रे, संपला ना तुझा मॅनिंग?"

पलीकडे शांतता. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मला वाटलं, मुलगाच आहे, उद्या विसरेल. पण तो विसरला नाही. मी फोन केला की, "मावशी, आईला देतो." बस्स, एवढंच.

आता पुढची गंमत ऐका. मॅनिंगच्या जागी ब्रॉक ऑस्वायलर हा तरुण क्वार्टरबॅक आला. त्याने पुढच्या सहापैकी चार सामने जिंकून दिले. तेवढ्यात मॅनिंगच्या दुखऱ्या पायालाही विश्रांती मिळाली. मग ३ जानेवारी २०१६ ला साखळीतला शेवटचा सामना. डेन्व्हरच्या हातून चेंडू सारखा निसटत होता, संघ मागे पडला. तिसऱ्या सत्रात प्रशिक्षकांनी मॅनिंगला मैदानात पाठवलं. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याने काही चमत्कार केला नाही. लांब फेकी नाहीत, टचडाउनची फेक तर एकही नाही. पण त्याने डाव शांतपणे सावरला. डेन्व्हर २७-२० ने जिंकलं.

त्यानंतर दोन बाद फेऱ्या पार करून संघ पोहोचला अंतिम सामन्याला, म्हणजे सुपर बोलला. समोर होता कॅरोलायनाचा संघ आणि २६ वर्षांचा तडफदार क्वार्टरबॅक कॅम न्यूटन. ७ फेब्रुवारी २०१६ चा दिवस. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. डेन्व्हरने सामना जिंकला, २४-१०!

मी शाळेत निघायची तयारी करत होते. फोन वाजला. पलीकडून आरडाओरडा, आणि त्यात भाच्याचा आवाज: "मावशी! जिंकलो!"

मी म्हटलं, "हरले रे बाबा मी. तुझा मॅनिंग संपला नव्हता."

आता हा मला चांगलंच चिडवणार असं मला वाटलं होतं. पण तो जरा थांबला आणि म्हणाला, "नाही गं. त्याचा हात खरंच पहिल्यासारखा राहिला नाहीये. आज त्याने एकसुद्धा टचडाउन फेकला नाही. जिंकवलं बचावाने. ताई तेच म्हणत होती. पण मावशी, तू हसलीस ना, म्हणून मला राग आला होता."

मुलांनो, त्या दिवशी शाळेत जाताना वाटेत मी त्याच वाक्याचा विचार करत होते.

भाचा बरोबर बोलत होता. त्या हंगामात साखळी सामन्यांमध्ये मॅनिंगच्या टचडाउनच्या फेकी होत्या ९, आणि समोरच्या संघाने झेललेल्या १७. अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला बचावातला व्हॉन मिलर. म्हणजे हात उतरला होता हे खरंच. पण घाईत चुका न करणं, संकटात शांत राहणं, सोबतच्यांवर विश्वास टाकणं, हे कुठे उतरलं होतं? आणि भाचीचंही खरं होतं. मॅनिंगला बसवलं म्हणून ते चार विजय मिळाले आणि त्याचा पायही बरा झाला. दोघांच्या हातात सत्याचा अर्धा-अर्धा तुकडा होता!

मॅनिंगने स्वतःही ते ओळखलं. ७ मार्च २०१६ ला, १८ हंगामांनंतर, त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता आणखी एक किस्सा. टॉम ब्रेडी हा न्यू इंग्लंड संघाचा क्वार्टरबॅक. २९ सप्टेंबर २०१४ ला त्याचा संघ ४१-१४ असा सपाटून हरला. आणि कुणाकडून? त्याच कॅन्सस सिटीकडून! ब्रेडी ३७ वर्षांचा होता. लगेच चर्चा सुरू: "झालं, संपला." चारच महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०१५ ला, त्याने सुपर बोल जिंकला. २०२१ मध्ये टँपा बे या संघाकडून पुन्हा जिंकला, तेव्हा वय होतं ४३. कायमचा थांबला तो २०२३ मध्ये, ४५ वर्षांचा झाल्यावर.

बघा हं. वाईट सामना दोघांचाही झाला. शेरा दोघांनाही एकच मिळाला. पण एकाच्या बाबतीत तो साफ चुकला आणि दुसऱ्याच्या बाबतीत अर्धा बरोबर निघाला. म्हणजे एका सामन्यावरून काही कळत नाही. मग कळतं कशावरून?

माझ्या वर्गाने यावर तीन प्रश्न काढले. ते फळ्यावर लिहिले, तसेच इथे देते.

१. हे एकदाच झालं की पुष्कळदा? एक शून्य म्हणजे घसरण नव्हे. पाठोपाठ दहा डाव पाहा.

२. कारण वय आहे की दुसरं काही? पाय दुखत असेल, पद्धत बदलली असेल, मन ठिकाणावर नसेल. दुखणं बरं होतं. वय मात्र मागे फिरत नाही.

३. काय कमी झालं आणि काय टिकलं? माझ्या आजीला सुईत दोरा ओवता येत नसे. दोरा आम्ही ओवून द्यायचो. पण गोधडीचा टाका तिच्यासारखा सरळ कुणालाच जमत नसे. मग आजी 'संपली' होती का?

तिसरा प्रश्न वाचून झाल्यावर भांडणारा एकजण हळूच म्हणाला, "बाई, तो आता पळायला हळू झालाय. पण अवघड झेल अजून घेतो." लगेच दुसरा म्हणाला, "हो, आणि मागच्या दहा डावांत माझ्या बाजूचे पण जास्त नाहीत निघणार." भांडण मिटलं असं नाही हं! दोघांनी वही काढली आणि आकडे लिहायला बसले. माझ्या दृष्टीने तेच मोठं.

तुम्हीही करून पाहा. तुमच्या आवडत्या, वय झालेल्या एका खेळाडूचं नाव वहीत लिहा. त्याच्या मागच्या दहा सामन्यांचे आकडे मिळवा. पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला 'काय कमी झालं', दुसऱ्या बाजूला 'काय टिकलं'. प्रामाणिकपणे भरा बरं का! आपला लाडका आहे म्हणून पहिली बाजू कोरी ठेवायची नाही, आणि नावडता आहे म्हणून दुसरीही नाही. मगच आपलं मत सांगा. मत कडक असलं तरी चालेल. फक्त ते सांगताना कुणाला हसू नका. समोर बसलेल्या कुणाचा तरी तो जीव की प्राण असू शकतो.

आणि पालकांनो, एक गोष्ट तुमच्याशीही. टीव्हीसमोर बसून आपण "संपला हा" म्हणतो तेव्हा मुलं ऐकत असतात. मग एखाद्या घटक चाचणीत गणितात कमी गुण पडतात आणि आपण म्हणतो, "घसरला हा." एका चाचणीवरून! तेव्हा हेच तीन प्रश्न प्रगतिपुस्तक हातात घेऊन विचारून पाहा. एकदाच झालं का? कारण काय? टिकलंय काय? विचारताना मात्र हसू नका. नाहीतर माझ्यासारखे तीन महिने मोजावे लागतील!

भाचा आता मोठा झालाय, कॉलेजात जातो. अजूनही फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "ओमाहा, मावशी!"

बरं तर, पुढच्या अंकात भेटू. तोवर वही भरा, आणि भांडा, पण आकडे घेऊन!