ध्यानाचा तास कोणाच्या खात्यावर?

दमलेल्या डॉक्टरांनी ध्यानाला बसावे, योगासने करावीत, म्हणजे त्यांचा शीण जाईल, असा सल्ला रुग्णालयांच्या व्यवस्थापकांकडून अलीकडे फार उदारपणे दिला जातो. आधुनिक उपचारांना योग, ध्यान, मर्दन यांची जोड देणाऱ्या ‘एकात्म वैद्यका’चा हवाला त्यासाठी पुढे केला जातो. ध्यानाविषयी आमची तक्रार नाही. पण अर्थशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : या ध्यानाला लागणारा वेळ कोणाचा?

‘बर्नआउट’ ही संज्ञा १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने पुढे आणली. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात ध्येयाने प्रेरित होऊन आलेले कार्यकर्ते कालांतराने आतून जळून गेल्यासारखे होतात, हे त्याने पाहिले होते. म्हणजे या शब्दाचा जन्मच मुळी सेवाभावाच्या घरात झालेला आहे. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या केली ती अशी की, हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. दुखणे माणसाला, परंतु उगम कामात, ही कबुली महत्त्वाची आहे.

आता संशोधनाकडे वळू. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील डॉ. मायकेल क्रॅस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तर डॉक्टरांना आठ आठवडे सजग ध्यानाचे व परस्परसंवादाचे शिक्षण दिले, नंतर दहा महिने दरमहा एक बैठक घेतली. डॉक्टरांचा शीण कमी झाला, रुग्णांविषयीची आस्था वाढली. परंतु ही मंडळी आपण होऊन आलेली होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

योगायोगाने दुसऱ्याच एका रोचेस्टरमध्ये, मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये, डॉ. कॉलिन वेस्ट यांनी अधिक काटेकोर प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौऱ्याहत्तर डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने पंधरवड्यातून एक तास, असे नऊ महिने, एकत्र बसून आपल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलायचे, अंतर्मुख व्हायचे. दुसऱ्या गटालाही तेवढाच तास मिळाला, मात्र तो हवा तसा वापरण्याची मुभा होती. एकत्र बसणाऱ्यांची कामातील गोडी वाढली आणि रुग्णाकडे निर्जीव वस्तूप्रमाणे पाहण्याची वृत्ती घटली. हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. ताण आणि नैराश्य यांत मात्र दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

या प्रयोगाची चर्चा करताना एक गोष्ट सोयिस्करपणे गाळली जाते. तो तास पगारी होता. संस्थेने डॉक्टरांना कामातून मोकळे केले होते आणि त्या वेळेची किंमत संस्थेने मोजली होती. वेस्ट यांनीच २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा वैयक्तिक आणि संस्थात्मक अशा दोन्ही उपायांचा उपयोग दिसला. बर्नआउटचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आले. पुढल्याच वर्षी मँचेस्टरच्या मारिया पनागिओटी यांच्या विश्लेषणात संस्थेच्या कार्यपद्धतीत केलेले बदल अधिक परिणामकारक ठरले. वैयक्तिक उपाय निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. पण एकट्या व्यक्तीच्या माथी मारलेला उपाय तोकडा पडतो आणि मालकाला स्वस्त पडतो. कारखान्यातील यंत्राचा घसारा मालकाच्या हिशेबात धरला जातो. माणसाचा घसारा मात्र त्याने स्वतःच भरून काढावा, अशी ही रीत आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत भेटली तेव्हा हसत हसत म्हणाली, ‘‘सर, आम्हाला ताण घालवण्यासाठी पहाटे सहाला योगवर्ग लावलाय, हजेरी सक्तीची. माझी रात्रपाळी संपते आठला. रुग्ण सोडून जाऊ की हजेरी बुडवू?’’ तिचे हसणे आम्हाला फारसे रुचले नाही. त्या आठवड्यात ती एकदा सलग छत्तीस तास उभी होती, हे तिच्या आईने नंतर सांगितले.

निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः बारा तासांहून आणि आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून ठेवले आहे. तीन दशके उलटून गेली. आशा कार्यकर्त्यांच्या बाबतीत तर तासांचा हिशेबच उद्भवत नाही, कारण त्या ‘स्वयंसेविका’! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांना मानधनावर राबवून घेणारेही होते.

तेव्हा वेस्ट यांचे नाव घेऊन योगवर्ग भरवू पाहणाऱ्या अधिष्ठात्यांनी तो प्रयोग पुरता उचलावा. पंधरवड्याचा तो तास कामाच्या वेळापत्रकात लिहावा, त्या तासाला रुग्णांजवळ कोण थांबणार त्याचे नाव शेजारी लिहावे, आणि ते नाव लिहिण्यासाठी रिक्त पदे आधी भरावीत.